औषध देणारा हात कोणाचा?

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई

महोदय,

राज्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये गेलात तर भिंतीवर परवान्याशेजारी फार्मासिस्टचे सर्टिफिकेट चौकटीत लावलेले दिसेल. ते ज्याच्या नावाचे आहे तो माणूस या घटकेला दुकानात आहे का, हे विचारायची मात्र कोणाला सवय नाही. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करते, काउंटरवरचा मुलगा ड्रॉवर उघडतो, स्ट्रिप कापतो, पाकिटात घालतो आणि पैसे घेतो. तो मुलगा कोण, काय शिकला, हे करायची परवानगी त्याला कोणी दिली, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळेल: मालकाने.

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते आणि डी. फार्म.च्या मुलामुलींना त्यांच्या पाचशे तासांच्या प्रशिक्षणासाठी दुकानात घेते. हे पत्र आपल्याला उघडपणे लिहिते, कारण दुकानाला परवाना देणारे आणि तो काढून घेऊ शकणारे प्रशासन आपले आहे. आणि मी जे मागणार आहे, त्यातले बरेचसे नवा कायदा न करताही होण्यासारखे आहे. कायद्याला जो माणूस काउंटरवर हवा आहे, तो खरोखर तिथे असावा. आणि जो माणूस आज तिथे उभा आहे, त्याची कुठेतरी नोंद व्हावी, त्याला शिकवले जावे आणि त्याच्या कामाची हद्द आखून मिळावी.

कायदा या बाबतीत मोघम नाही. फार्मसी अॅक्ट १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध बनवणे, मिसळणे किंवा देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज इतरांनी करायचे नाही. डॉक्टरांनी आपल्याच रुग्णाला दिलेले औषध तेवढे याला अपवाद. मूळ कायद्यात या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने दंडाची रक्कम पुष्कळ वाढवली. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ थोडी सवड देतो. चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः द्यावे किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे, असे तो म्हणतो. राज्यातला प्रत्येक मदतनीस कायद्याच्या दृष्टीने या देखरेखीच्या आडोशाला उभा आहे. फार्मासिस्ट शेजारी असेल तर मदतनीसाने स्ट्रिप काढून देणे नियमाला धरून आहे. फार्मासिस्ट घरी, परगावी किंवा दुसऱ्याच नोकरीत असेल, तर तीच स्ट्रिप त्याच हातांनी देणे हा गुन्हा होतो. गिऱ्हाइकाला यातला फरक दिसत नाही, आणि खुद्द मदतनीसालाही तो कोणी समजावून सांगितलेला नसतो. दहावी-बारावी होऊन ओळखीने कामाला लागलेला मुलगा असतो. पहिल्या महिन्यात झाडलोट आणि खोकी लावणे, दुसऱ्या महिन्यात कंपन्यांची नावे पाठ, आणि सहाव्या महिन्यात तो चिठ्ठी वाचत असतो.

यात एवढे काय बिघडले, असे म्हणणारे लोक मला रोज भेटतात. चिठ्ठी डॉक्टरांनी लिहिली, औषध कंपनीने बनवले, मधल्याने फक्त उचलून द्यायचे. त्यांना मी मेथोट्रेक्झेटबद्दल सांगते. संधिवातावर ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. इतर जवळजवळ सगळ्या गोळ्या रोजच्या असल्यामुळे हात सवयीने पाकिटावर 'रोज १' लिहून मोकळा होतो. चिठ्ठी बरोबर, गोळी बरोबर, ताकद बरोबर, पैसेही बरोबर. पण रुग्णाने ती रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात आणि माणूस दगावू शकतो. ही चूक कुठल्याही प्रयोगशाळेच्या तपासणीत सापडणार नाही. ती पाकिटावरच्या दोन शब्दांत आहे, आणि ते शब्द लिहिणाऱ्याला ही गोळी वेगळी आहे हे माहीत असेल तरच टळते.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचेही तसेच. थेंबांच्या बाटलीत एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीलिटरला १२५. थेंबांची बाटली सिरपच्या मापाने पाजली तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. इन्सुलिनची कुपी ४० युनिटची आणि सिरिंज १०० युनिटची दिली, की म्हातारी आई खुणेपर्यंत औषध भरते आणि तिला हवे त्याच्या चाळीस टक्केच इन्सुलिन टोचले जाते. सिरिंजच्या टोपणाचा रंग लाल की केशरी, एवढे पाहिले तरी हे टळते. ते कोणी पाहायचे, हा प्रश्न आहे. अँटिबायोटिकच्या कोरड्या सिरपमध्ये उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, ते किती दिवसांत संपवायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे की नाही, हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. आईच्या कडेवर तापलेले मूल असते, मागे चार माणसे उभी असतात, आणि तो अर्धा मिनिट तेवढा गळतो.

म्हणूनच २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाला काय काय सांगायचे हे तपशिलाने नोंदवले आहे. औषधाचे नाव, ते कशासाठी, किती, कसे आणि किती दिवस घ्यायचे, कोणते त्रास होऊ शकतात, एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, साठवायचे कसे. कायद्याने औषध देणे आणि समजावणे एकाच कामात धरले आहे. आमच्या धंद्यात ती दोन वेगळी झाली, आणि समजावणे कधी नाहीसे झाले ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

आता शेड्यूल एच-वनबद्दल. १ मार्च २०१४ पासून ४६ औषधे या यादीत आली: वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधे, झोपेच्या आणि सवय लावणाऱ्या गोळ्या. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे. ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे आणि तपासणीला दाखवायचे. या यादीत सेफिक्झिम आहे. "घसा धरलाय, दोन गोळ्या द्या" असे म्हणत रिकामी स्ट्रिप पुढे करणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा हीच स्ट्रिप असते, मागच्या वर्षीच्या दुखण्याची. तो खोटे बोलत नसतो. डॉक्टरची फी वाचवायची असते, मजुरी बुडवायची नसते. त्याला दोन गोळ्या दिल्या की उद्या बरे वाटेल, तो दुवा देईल. दोन गोळ्यांनी मात्र जंतू मरत नाहीत, फक्त शिकतात. आणि पुढे कधी त्याच माणसाला खरोखर ते औषध लागेल तेव्हा ते चालेलच याची खात्री राहत नाही.

एच-वनचे रजिस्टर कसे भरले जाते, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तपासणी येणार अशी कुणकुण लागली की एका रात्रीत, एकाच पेनाने, एकाच अक्षरात. डॉक्टरांची नावे आजूबाजूच्या दवाखान्यांच्या पाट्यांवरून, रुग्णांची मतदार यादीतली वाटावीत अशी. या रजिस्टरमागचे काम फार मोलाचे आहे. क्षयाची औषधे नेणाऱ्या रुग्णाची माहिती औषध दुकानांनीही आरोग्य विभागाला द्यायची, असा नियम मार्च २०१८ मध्ये झाला. खरी नोंद झाली तर मध्येच औषध सोडलेला रुग्ण शोधता येतो, त्याच्या घरातल्या लहानग्यांची तपासणी होते. खोटी नोंद झाली की ते घर अंधारात राहते. सही करणाऱ्या फार्मासिस्टला हे माहीत असते. रजिस्टर भरणाऱ्या मुलाला कोणी हे सांगितलेलेच नसते; त्याला वाटते, आपण सरकारी कागद पुरा करतोय.

झोपेच्या गोळ्यांचा प्रश्न याहून टोकदार आहे. मालेगावात 'कुत्ता गोली' कशाला म्हणतात आणि मराठवाड्यात 'बटन' मागणाऱ्या पोराला काय हवे असते, हे आपल्या निरीक्षकांना मी सांगायला नको. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम ही एच-वनमधली औषधे आहेत आणि नार्कोटिक्स कायद्याखालीही येतात. रात्री साडेनऊला तीन पोरे दुकानात येतात तेव्हा फार्मासिस्ट नसतो, मालक नसतो, एकोणीस वर्षांचा मदतनीस असतो. ती पोरे त्याच्या गल्लीतली असतात. नाही म्हटले तर उद्या वाटेत गाठतील, हो म्हटले तर आज पाचशे रुपये मिळतील. पकडला गेला तर गुन्हा त्याच्यावर. अनेक जिल्ह्यांत अशा औषधांसाठी दुकानात सीसीटीव्ही लावण्याचे आदेश निघाले. कॅमेरा त्या मुलाचा चेहरा टिपतो. ज्याचे नाव भिंतीवर आहे तो कॅमेऱ्यात कधीच येत नाही.

मदतनीस निर्दोष असतो, असे माझे म्हणणे नाही. काहीजण या कामात लवकर पैसा शोधतात. पण नाही म्हणण्याचे बळ शिक्षणातून आणि संरक्षणातून येते, आणि या मुलाला आपण दोन्ही दिलेले नाही. 'हे औषध चिठ्ठीशिवाय मिळणार नाही' हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून पहिल्याच आठवड्यात पुन्हा पुन्हा म्हणवून घेते. आवाज न चढवता, माणसाला न लाजवता, आणि जवळच्या सरकारी दवाखान्याची वेळ सांगत. नकारही रुग्णाची सेवा म्हणूनच द्यायचा असतो, आणि तो सवयीने येतो.

उलट्या बाजूची चूकही तितकीच गंभीर आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तातडीची गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीशिवाय मिळायला हवी, तशी मुभा आहे. तरीही तालुक्याच्या गावात एखादी मुलगी ती मागायला आली की काउंटरवरच्या नजरा बदलतात. 'संपलीय' म्हणून तिला परत पाठवले जाते, किंवा ती गेल्यावर तिच्या नावाची चर्चा होते. एचआयव्हीची औषधे घेणाऱ्याबद्दलही हेच. त्याची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने घातले आहे. पण गावातल्या मेडिकलमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. मदतनीस त्या माणसाच्या भावाबरोबर क्रिकेट खेळतो. काउंटरवर कळलेले काउंटरवरच ठेवायचे, ही या कामाची पहिली अट आहे, आणि ती पाळायला पदवी लागत नाही. ती कोणीतरी एकदा स्पष्टपणे सांगावी मात्र लागते.

आता भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे येते. माझे डी. फार्म. झाले तेव्हा पहिली नोकरी शोधत असताना एका दुकानदाराने मला फार आपुलकीने सांगितले, "ताई, तुम्ही यायची गरज नाही, नुसते सर्टिफिकेट लावा, महिन्याला घरपोच पैसे." त्यात त्याला काही वावगे वाटत नव्हते. माझ्या बरोबरच्या कित्येकांनी अशा ऑफर घेतल्या. घरी लग्नाची घाई असलेल्या मुलींनी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी, दुसऱ्या कंपनीत नोकरी लागलेल्यांनी. २०१५ च्या रेग्युलेशन्समध्ये दुकानात न येता मालकाला सर्टिफिकेट वापरू देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. तरीही आमच्याकडे याला लबाडी म्हणत नाहीत, 'सर्टिफिकेट लावणे' म्हणतात, जणू ते ट्यूबलाइट लावण्यासारखे काम आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना हे वाचून राग येईल. त्यांना मी एवढेच विचारते: त्या दुकानातून दिलेल्या प्रत्येक औषधाची जबाबदारी कायद्याने आपल्या नावावर आहे. मेथोट्रेक्झेट घेतलेली बाई दगावली, तर तिचे औषध कोणी दिले, या प्रश्नाला कागदोपत्री आपण उत्तर आहोत. आपण तिला पाहिलेले नसते. आपण त्या दिवशी पुण्याला असतो.

प्रशासनाने हे कधीच मनावर घेतले नाही, असे नाही. महेश झगडे आयुक्त असताना फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर मोठी मोहीम झाली, परवाने निलंबित झाले, दुकानदारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, बंद पुकारले गेले. त्या दिवसांत माझ्या ओळखीचे बरेच फार्मासिस्ट पहिल्यांदाच आपापल्या दुकानात जाऊन बसले. मोहीम ओसरली तसे ते परत गेले. मोहिमेचा मला आदर आहे, पण मोहिमेवर काउंटर चालत नाही. निरीक्षक वर्षातून एकदा येतो, रुग्ण रोज येतात.

२०२५ चे कफ सिरपचे प्रकरण आपल्याला आठवत असेलच. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात सर्दी-खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक मुले गेली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते, आणि काहींनी तिथेच प्राण सोडले. तमिळनाडूत बनलेल्या त्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या प्रशासनाने कोल्ड्रिफच्या एसआर-१३ या बॅचबद्दल इशारा काढला, तो आमच्या दुकानापर्यंत पोहोचला आणि आम्ही कपाटे तपासली. आमच्याकडे ते सिरप नव्हते. पण समजा असते आणि पाच बाटल्या आधीच विकल्या गेल्या असत्या, तर त्या पाच घरांपर्यंत मी कशी पोहोचले असते? बिलावर बॅच नंबर, रुग्णाचे नाव, फोन असेल तरच. कच्च्या चिठोऱ्यावर 'सिरप १' लिहून दिले असेल तर त्या बाटल्या घराघरांत तशाच राहिल्या असत्या. काउंटरवरचा मदतनीस बाटलीतले विष ओळखू शकत नाही, मीही नाही. पण बॅच लिहून ठेवणे आमच्या दोघांच्याही हातात आहे. स्ट्रिप कापताना एक्सपायरी आणि बॅच छापलेली बाजू शेवटपर्यंत राखायची, ही साधी गोष्टही मुद्दाम शिकवावी लागते. नाहीतर उरलेल्या चार गोळ्यांना ना तारीख ना ओळख.

याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते. ग्लिसरीन म्हणून दिलेल्या औषधात औद्योगिक भेसळ होती. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून थेट आपल्याच प्रशासनापर्यंत सगळ्यांचा निष्काळजीपणा उघडा केला. तो अहवाल प्रत्येक डी. फार्म. विद्यार्थ्याने वाचावा असे मला वाटते, कारण त्यातून दिसते की साखळीतल्या प्रत्येकाने आधीच्याने पाहिले असेल असे धरून चालले होते. काउंटर ही त्या साखळीतली शेवटची कडी आहे. तिच्यापुढे फक्त रुग्णाचे तोंड असते.

मदतनीसाची नोंद ठेवल्याने काय साधेल, याचे एक दूरचे उदाहरण देते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका रुग्णालयात २००६ मध्ये कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या दोन वर्षांच्या मुलीला सलाईनमधून औषध द्यायचे होते. ते मिश्रण तयार करणाऱ्या फार्मसी टेक्निशियनने ०.९ टक्क्याऐवजी २३ टक्क्यांहून अधिक मिठाचे द्रावण वापरले. फार्मासिस्टने ते तपासून पुढे सोडले. मुलगी गेली. फार्मासिस्टचा परवाना गेला, तो तुरुंगातही गेला. तेव्हा ओहायोत टेक्निशियनला ना ठराविक शिक्षणाची अट होती ना परीक्षेची. कायद्याला फक्त फार्मासिस्ट माहीत होता. त्या मुलीच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये तिथे टेक्निशियनसाठी पात्रता आणि परीक्षा आली. ब्रिटनमध्ये २०११ पासून फार्मसी टेक्निशियनची नोंदणी सक्तीची आहे. त्यांना आचारसंहिता लागू आहे आणि चुकले तर स्वतःचे उत्तरदायित्वही. आपण आज ओहायोच्या २००६ मध्ये आहोत, आणि तिथे नसलेली एक अडचण आपल्याकडे आहे: आपल्याकडचा फार्मासिस्ट बहुधा तपासायलाही हजर नसतो.

यावर दुकानदारांचे म्हणणे मला माहीत आहे, कारण मीही दुकानदार आहे. छोट्या गावातल्या मेडिकलला दिवसभराचा फार्मासिस्ट परवडत नाही, ऑनलाइन कंपन्या सवलतीत विकतात आणि त्यांच्यासाठीच्या नियमांचा मसुदा २०१८ पासून मसुदाच आहे, फार्मासिस्टही आजारी पडतो, बाळंतपणाला जातो, लग्नाला जातो. यातले बरेच खरे आहे. पण तालुक्यातालुक्यात डी. फार्म.ची कॉलेजे आहेत आणि त्यातून बाहेर पडलेली मुले कामासाठी पुण्या-मुंबईच्या गाड्या पकडतात. फार्मासिस्ट मिळत नाही हे कारण आता टिकत नाही. मिळतो, पण त्याला बसायला जागा आणि जगण्यापुरता पगार द्यायचा नसतो. बसून काम करणाऱ्या फार्मासिस्टपेक्षा भिंतीवरचे सर्टिफिकेट स्वस्त पडते, हे खरे दुखणे आहे.

तेव्हा माझ्या विनंत्या. फार्मासिस्टचे नाव, फोटो, नोंदणी क्रमांक आणि दुकानातल्या हजेरीच्या वेळा दर्शनी भागात मराठीत, गिऱ्हाइकाला वाचता येतील अशा अक्षरांत लावणे सक्तीचे करावे. फार्मासिस्ट नसेल त्या वेळेत चिठ्ठीवरची औषधे मिळणार नाहीत अशी पाटी लावून बाकीची विक्री चालू ठेवण्याची मुभा द्यावी. मग आजारपण, बाळंतपण, लग्न या अडचणींचा निकाल लागतो आणि खोटे बोलायचे कारण उरत नाही. चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या शेड्यूल एच, एच-वन आणि एक्समधल्या औषधांचे बिल फार्मासिस्टने स्वतः मंजूर केल्याशिवाय निघू नये, अशी अट बिलिंग सॉफ्टवेअरना घालावी. आज जवळपास प्रत्येक दुकानात संगणक आहे, त्यामुळे ही मोठी गोष्ट नाही. तपासणीला येणाऱ्या निरीक्षकाने फार्मासिस्टच्या पगाराची बँक नोंद पाहावी. पगार रोखीत, किमान वेतनाच्या खाली किंवा सहा महिन्यांचा एकदम असेल, तर सर्टिफिकेट कुठून आले ते लगेच कळेल.

मदतनीसांबद्दलची विनंती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्यांच्यासाठी काही महिन्यांचा मराठीतला अभ्यासक्रम असावा. डी. फार्म.ची परीक्षा घेणाऱ्या तंत्रशिक्षण मंडळाच्या आणि राज्य फार्मसी कौन्सिलच्या मदतीने आपण तो उभा करू शकता. त्यात साठा आणि तापमान, बॅच आणि एक्सपायरी, नावे-ताकदी यांतले गोंधळ, गुप्तता आणि नकार देण्याची रीत शिकवली जावी. १९४५ च्या नियमांनी एच, एच-वन आणि एक्समधल्या औषधाच्या जागी दुसरी गोळी देण्याला मनाई केली आहे, आणि ज्या कंपनीची स्कीम चालू आहे तिची गोळी 'तेच आहे' म्हणून देणारे मुख्यतः मदतनीसच असतात. या मनाईमुळे स्वस्त जेनेरिक देता येत नाही ही तक्रार मला रास्त वाटते, पण तो निर्णय डॉक्टरला फोन करून फार्मासिस्टने घ्यावा, मुलाने स्कीम पाहून नाही. अभ्यासक्रम झालेल्याची नोंद व्हावी, त्याच्या छातीवर नावाची पट्टी असावी आणि त्याने काय करायचे, काय करायचे नाही हे दुकानात लिहून लावलेले असावे. इन्सुलिनचा फ्रिज रात्री बंद करायला सांगणाऱ्या किंवा चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी द्यायला लावणाऱ्या मालकाबद्दल त्याला नाव न सांगता तक्रार करता यावी, आणि त्या तक्रारीवरून त्याची नोकरी गेली तर त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणीतरी असावे.

हे सगळे एकदम राज्यभर शक्य नसेल, तर एका तालुक्यात करून पाहावे. आमच्या तालुक्यात करायचे ठरले तर माझे दुकान आणि माझ्याकडचे दोघे मदतनीस पहिल्या तुकडीसाठी तयार आहेत. शिकवायला माणूस लागला तर रविवारी दुकान बंद झाल्यावर मी येईन. गावातल्या इतर मेडिकलमधल्या मुलांना बोलावून आणण्याचे कामही माझ्याकडे लागले.

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
जि. सांगली